खालच्या कप्प्यातला इबुकी

तेत्सुरोने वस्तरा कानामागे टेकवला आणि त्याच क्षणी रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबला. उजव्या कानामागे, केस संपतात तिथे, तांदळाच्या कणीएवढं रक्त आलं.

"असू दे," त्याचा मुलगा इबुकी आरशातून म्हणाला. "फोटो समोरून काढतात."

फोटो बाजूने काढला.

*

गोदीतला एक वेल्डर रात्रपाळी संपवून बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांच्या दुकानात आला, काउंटरवर कोपर टेकून त्याने एक पाकीट दातांनी फाडलं, आतली कार्डं पत्त्यांसारखी फिरवून पाहिली.

"छ्या! परत तीन आकडी."

एक कार्ड न बघता बाजूच्या पेटीत पडलं. पेटीवर जाड पेनाने लिहिलं होतं : कुठलंही उचला, भाव एकच.

*

शाळेच्या सभागृहात सोनेरी पडद्याच्या घड्या घालून झाल्या होत्या. व्यावसायिक बेसबॉल संघ नवी मुलं निवडतात त्या ड्राफ्टचं टीव्हीवरचं प्रक्षेपण संपलं होतं, वार्ताहर कॅमेरे आवरून गेले होते. मुख्याध्यापकांनी इबुकीच्या पाठीवर हात ठेवून "विद्यापीठांचेही संघ चांगले असतात" असं म्हटलं होतं आणि तेही गेले होते. मुलं खुर्च्या एकावर एक रचत होती. तेवढ्यात उपमुख्याध्यापक हातातला फोन डोक्याच्या वर धरून जिना उतरत धावत आले.

"उलगडा! पडदा परत उलगडा!"

*

सलूनमधलं टॉवेल गरम करायचं कपाट दोन कप्प्यांचं आहे. खालचा कप्पा गरम होत नाही. तो दुरुस्त करायचा आहे, असं तेत्सुरो दर उन्हाळ्यात म्हणतो.

*

तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांच्या पाकिटात ओल शोषून घेणारी एक पुडी असते. 'खाऊ नये' असं तिच्यावर छापलेलं असतं. अशी एक पुडी तेत्सुरोला एका सकाळी भलत्याच ठिकाणी सापडली. त्याने ती तिथे ठेवलेली नव्हती.

*

जपानातल्या इमाबारी शहरातले न्हावी सोमवारी दुकान उघडत नाहीत.

*

तेत्सुरो कुवाबाराला बेसबॉलमधलं विशेष काही कळत नसे. मुलाचं डोकं भादरायचं, मुलाच्या संघातल्या सगळ्यांची डोकी भादरायची, आणि सामन्याच्या दिवशी बायको हारुमी ओरडली की आपणही ओरडायचं, इतकाच त्याचा संबंध. त्यामुळे इबुकीची ड्राफ्टमध्ये निवड झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याला गिऱ्हाइकांनी समजावून सांगितलं. पहिल्या फेऱ्यांत ज्यांची नावं येतात त्यांना एक किंवा दोन आकडी नंबर मिळतो. ती नावं संपली, टीव्ही बंद झाला, की मग शिकाऊ करारावरची मुलं निवडतात. त्यांच्या पाठीवर तीन आकडे. तीन हंगामांत त्यातला एक आकडा गळला तर मुलगा मुख्य संघात जाऊ शकतो. नाही गळला तर ऑक्टोबरमध्ये फोन येतो आणि सूट घालून कचेरीत या असं सांगतात.

"पण मास्टर, कार्ड मात्र सगळ्यांचं निघतं," एक जण खुर्चीत मान मागे टाकून म्हणाला होता. "फेब्रुवारीअखेर नवोदितांची पाकिटं येतात. त्या वर्षी निवडलेला एकूणएक पोरगा. एकही बॉल न टाकता कार्ड! नंतर आयुष्यात दुसरं निघो न निघो."

पाकिटं आली त्या सोमवारी तेत्सुरो बस थांब्याजवळच्या कार्डांच्या दुकानात गेला. दुकान कामेईचं. कामेई ओसाकाहून आलेला, पस्तिशीतला, कमरेपर्यंत वेणी घातलेला माणूस. इमाबारीत येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण एकाही न्हाव्याची आणि त्याची ओळख नव्हती. तेत्सुरोने पाकिटांचा अख्खा खोका घेतला, घरी आणला, आणि हारुमीने स्वयंपाकघरातल्या कात्रीने एकेक पाकीट कडेकडेने कापलं. खोक्यात इबुकी एकदाच निघाला. नवाकोरा गणवेश, छातीवर एकशे सत्तावीस, चेंडू पकडलेला हात खांद्यामागे, मान डावीकडे वळलेली. आणि उजव्या कानामागे ती वस्तऱ्याची रेघ.

"बघा," हारुमी म्हणाली. "तुमची सही आहे याच्यावर."

ते कार्ड चौकटीत बसवून आरशाशेजारी टांगायचं ठरलं. गोष्ट तिथे संपायची.

पण पुढच्या सोमवारी तेत्सुरो परत गेला, उगाच, चौकटीसाठी खिळा आणायला निघाला होता म्हणून. काउंटरवर तो वेल्डर होता. त्याने पाकीट फाडलं, तीन आकडी म्हणाला, आणि इबुकी पेटीत पडला. पालथा पडला. तेत्सुरो खिळ्याची पुडी हातात धरून उभा राहिला. शाळेत कुणी मुलाला ढकलताना आपण कुंपणाबाहेरून पाहावं, तसं काहीतरी झालं. वेल्डर गेल्यावर त्याने पेटीत हात घातला, कार्ड सुलटं केलं, अंगठ्याने पुसलं आणि विकत घेतलं.

"पेटीतलं एकच घेता, काका?" कामेई म्हणाला. "तुमच्या ओळखीतला का?"

"नाही," तेत्सुरो म्हणाला. का म्हणाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या सोमवारपासून तो मास्क लावून आणि टोपी ओढून जाऊ लागला. पेटीत दोन असली तर दोन घ्यायचा, एक असलं तर एक. कधी एकही नसे. मग एवढा वेळ पेटी उकरल्याची भरपाई म्हणून दुसऱ्याच कुणा तीन आकडी मुलाचं घेऊन यायचा. कामेईने त्याला नाव ठेवलं सोमवारकाका. मग एका गिऱ्हाइकाने फोनवरचा जुन्या वस्तूंचा बाजार कसा चालतो ते दाखवलं आणि तेत्सुरोच्या लक्षात आलं की पेट्या सगळ्या देशात आहेत. सेन्दाईत आहे, कुमामोतोत आहे, नुमाझूत आहे. प्रत्येकीत मुलगा पालथा पडलेला. तो मागवू लागला. पाकिटं सलूनच्या पत्त्यावर यायची, आणि आलेलं कार्ड टॉवेलच्या कपाटात, खालच्या कप्प्यात जायचं.

त्याला इबुकी मोठा खेळाडू होईल असं वाटत होतं का? खरं सांगायचं तर त्याने तसा विचारच केला नव्हता. मुलगा चांगला खेळतो की नाही हे बघणारे लोक वेगळे. तो पेटी रिकामी ठेवत होता, एवढंच. घरासमोरचा रस्ता झाडून ठेवावा, तसं.

*

तिसऱ्या उन्हाळ्यात कामेईच्या दारावर नवीन पोस्टर लागलं. 'हवी आहेत' असं वर, आणि खाली दुकान चढ्या भावाने विकत घेणार असलेल्या कार्डांची चित्रं. सगळे नावाजलेले. होमरनचे विक्रमवाले, अमेरिकेत गेलेले. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, मान डावीकडे वळवलेला एकशे सत्तावीस.

तेत्सुरो ते बघत इतका वेळ उभा राहिला की मागचा माणूस "आत जाताय का बाजूला होताय?" म्हणाला. मागे वेल्डरच होता.

"हे कोण पोरगं, कामेई?" वेल्डरने आत शिरत विचारलं. "मी फेकलेलं का रे हे?"

"फेकलंस ना? आता शोध," कामेई म्हणाला. "कुठेच मिळत नाहीये. मी तीन शहरांतल्या दुकानदारांना विचारलं. कुणीतरी गोळा करतंय."

"कोण?"

"कळलं तर मी इथे बसेन का?"

वेल्डरने स्टूल ओढलं. "म्हणजे आतली बातमी आहे. तुला सांगतो, संघातलाच कुणीतरी असणार. कायम करार मिळणार पोराला. दोन आकडी होणार. उगाच का कुणी असला माल साठवतं?"

ते ऐकून तेत्सुरोला इतका आनंद झाला की कार्ड न घेताच तो बाहेर पडला. मुलगा दोन आकडी होणार! हा आनंद कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत टिकला. लाल दिव्यापाशी उभं राहिल्यावर त्याला आठवलं की साठवणारा माणूस आपणच.

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इबुकीचा फोन आला.

"बाबा, सूट घालून बोलावलंय."

तेत्सुरोच्या हातात कुणाची तरी अर्धी दाढी होती. त्याने गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला आणि मागच्या दाराशी गेला.

"इस्त्री आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग घाल."

 मग इबुकी म्हणाला, "एप्रिलपासून मात्सुयामाच्या न्हावी-कॉलेजात जातो. तुझी दुसरी खुर्ची पडूनच आहे ना?"

दुसरी खुर्ची तेत्सुरोच्या वडिलांची. ते गेल्यापासून तिच्यावर छत्र्या आणि मासिकं असायची. त्या संध्याकाळी तेत्सुरोने छत्र्या हलवल्या, खुर्चीच्या पायदाणाला तेल घातलं, आणि ती वरखाली होते का ते पाहायला स्वतःच बसून तीनदा वरखाली झाला. हारुमी दारात उभी राहून बघत होती.

"पोराची नोकरी गेली आणि तुम्ही पाळण्यात बसलाय," ती म्हणाली.

"पाळणा नाही. नीट चालतेय का बघतोय."

"बघा हो. तोंड बघा आधी आरशात."

त्याने बघितलं. तोंड हसत होतं. त्याने ते सरळ केलं.

*

इबुकी घरी आला तो एका गोणपाटी पिशवीसह आणि एका उशीसह. केस थोडे वाढलेले होते. पहिले काही दिवस तो झोपला. मग सकाळी सलूनमध्ये येऊन केर काढू लागला. जुनी गिऱ्हाइकं "काय रे, परत?" म्हणायची आणि मग जीभ चावायची, तो "परत" म्हणून केर पुढे ढकलायचा. तेत्सुरोला त्याचा केर काढण्याचा हात आवडला. कोपऱ्यातले केस तो न सांगता काढत होता.

महिनाअखेरीस, एका गुरुवारी, नवीन वर्षाच्या मुलांचा ड्राफ्ट होता. हारुमीने लाल माशाचा भात केला होता. टीव्ही लावायचा नाही असं तिने तेत्सुरोला सकाळीच बजावलं होतं, पण संध्याकाळी इबुकीनेच रिमोट उचलला. तिघं जेवत बघत राहिले. शाळाशाळांतले सोनेरी पडदे, रडणाऱ्या आया, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी घट्ट लावलेली मुलं. मग निवेदिकेने नमस्कार केला, आणि लगेच कढई घेतलेली एक बाई वांगी तळू लागली.

"आता खरं सुरू होईल," इबुकी म्हणाला. "कुणीतरी आत्ता पडद्याच्या घड्या घालत असेल."

हारुमीने त्याच्या वाडग्यात भात वाढला. त्याने मागितला नव्हता.

"बाबा, काल त्या कार्डांच्या दुकानात गेलेलो. बस थांब्यापाशी आहे बघ. तुला माहीत नसेल."

"कुठलं?"

"कामेई म्हणून आहे. वेणीवाला."

"नाही बाबा."

"दारावर माझं पोस्टर आहे. 'हवा आहे' म्हणून."

"काय चोरलंस?" हारुमी म्हणाली.

इबुकी हसला. मग चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवून तो म्हणाला, "कुणीतरी एकच माणूस माझी कार्डं घेतोय, आई. तीन वर्षं झाली. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सगळीकडून मागवतो. एक सुटू देत नाही."

हारुमी भाताच्या भांड्यात बघत राहिली. तेत्सुरो माशाचा काटा काढत होता. काटा निघाला होता, तरी तो काढत होता.

"वेडा असेल कुणीतरी," तो म्हणाला.

"असेल."

"लोक काय, टोप्यासुद्धा गोळा करतात. बाटल्यांची बुचं गोळा करतात."

"हो." इबुकी त्याच्याकडे बघत होता. "पण त्या वेड्याला वाटतंय ना काहीतरी? तीन वर्षांत मला वर न्यावं असं कुणा प्रशिक्षकाला वाटलं नाही. ह्याला वाटतंय."

"एका माणसाला वाटून काय होतं?"

"एक म्हणजे पुष्कळ झाला, बाबा. तुला नाही कळायचं."

टीव्हीवरच्या बाईने वांगी ताटलीत काढली. इबुकीने वाडगा परत उचलला आणि घास घेता घेता, मीठ मागावं तसं सांगितलं, की शिकोकू बेटावरच्या स्थानिक लीगची चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. पैसे जेमतेम. थंडीत तिथली मुलं संत्र्यांच्या बागांत कामाला जातात. पण हात अजून दुखत नाहीये. कॉलेज काय, त्यापुढच्या एप्रिललाही असेलच.

"खुर्ची कुठे पळून जातेय?" हारुमी म्हणाली, आणि भांडी घेऊन उठली.

*

त्यानंतरच्या तीन दिवसांत तेत्सुरोने एका गिऱ्हाइकाच्या कल्ल्यांत एक वर एक खाली असा फरक केला. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

आपण मुलाला फसवलं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. फसवायचं मनात नव्हतं, पण म्हणून काय झालं. तो पोरगा एका अनोळखी जाणकाराच्या भरवशावर संत्री तोडायला निघाला होता, आणि जाणकार इथे बसून शेव्हिंग क्रीम फेसत होता. बरं, जाणकाराला खेळावर विश्वास होता म्हणावं, तर तेही नाही. त्याला फक्त पेटीत बघवत नव्हतं. हे मुलाला कसं सांगायचं? तुझी लाज वाटली म्हणून घेतली, असं? लाज नव्हती ती. पण दुसरा शब्द त्याला सापडेना.

न सांगताही एक करता येण्यासारखं होतं. कार्डं एकदम कामेईला विकून टाकायची. पेटी भरेल, पोस्टर उतरेल. मुलगा बस पकडायला त्या रस्त्यानेच जाणार, दार बघेल. वेडा कंटाळला म्हणेल. मग घरी येईल, खुर्ची आहे.

सोमवारी त्याने खालचा कप्पा उघडला आणि कार्डं मोठ्या टॉवेलमध्ये बांधली. तळाशी ती ओल शोषणारी पुडी होती; घरात तांदळाच्या चकत्या एकटी हारुमीच खायची. तीही गाठोड्यात गेली.

"सोमवारकाका!" कामेईने मान वर केली. "आज हे काय, धुणं?"

तेत्सुरोने काउंटरवर टॉवेलची गाठ सोडली. कामेईचा चहाचा पेला तोंडाशी थांबला. सगळीकडे तोच चेहरा, तीच वळलेली मान. थोडी कार्डं घसरून काउंटरच्या कडेपर्यंत गेली, तेत्सुरोने ती तळहाताने अडवली.

"विकायची आहेत," तो म्हणाला.

"म्हणजे ते तुम्ही." कामेईने पेला खाली ठेवला. त्याच्या आवाजात आश्चर्य असायला हवं तेवढं नव्हतं. "अख्खा जपान बांधून आणलात की. सगळी?"

"सगळी."

"एवढी घेतली तर पोस्टर काढावं लागेल मला. आणि कार्डं पेटीत जातील परत. माहितीय ना?"

"माहितीय."

"म्हणूनच आणलीत?"

 अगदी वरचं कार्ड जरा तिरकं होतं. ते तेत्सुरोने उचललं, अंगठ्याने पुसलं आणि सरळ ठेवलं.

कामेई त्या अंगठ्याकडे बघत होता.

"तो येऊन गेला इथे," तो म्हणाला. "स्वतः. गेल्या बुधवारी."

"कोण?"

"कोण काय, काका! हा." त्याने ढिगाकडे हनुवटी उडवली. "दारातलं पोस्टर बघून आत आला. म्हणाला, कोण घेतं माझी कार्डं? मी म्हटलं, बाहेरचं ठाऊक नाही बाबा, पण माझ्या पेटीतली एकच माणूस नेतो. नाव माहीत नाही. खरंच नव्हतं माहीत. नावच माहीत नाही, तर मी सांगणार काय? मी जे दिसतं ते सांगितलं. म्हटलं, एक काका आहेत. मास्क लावतात, टोपी घालतात. फक्त सोमवारी येतात. अंगाला केसांच्या टॉनिकचा वास येतो. आणि कार्ड हातात घेतलं की आधी अंगठ्याने झटकतात. त्याच्यावर कापलेले केस पडलेत की काय, असे."

तेत्सुरोचा अंगठा कार्डावरच राहिला.

"मग?"

"मग हसला. खूप हसला. मग त्या स्टुलावर बसला. आमचा वेल्डर आला, पाकिटं फोडून, शिव्या घालून गेला, तरी हा बसलेलाच. मी चहा दिला. तोही थंड केला."

"काही म्हणाला?"

"जाताना म्हणाला. 'पोस्टर काढू नका,' म्हणाला. 'ते सोमवारी येतील.'" कामेईने वेणी खांद्यावरून मागे टाकली. "मी काही विचारत नाही हं, काका. मी केस कापून घेत नाही. मला काय कळणार कोणत्या वासाचा माणूस कुठे काम करतो?"

बाहेर बस थांबली आणि गेली. गुरुवारी जेवताना आपण काढत बसलो तो काटा तेत्सुरोला आठवला. 'तुला माहीत नसेल' म्हणताना मुलगा कुठे बघत होता तेही आठवलं. मुलाने त्याला जागा करून दिली होती, सगळी पानं मांडून, आणि तो टोप्यांबद्दल आणि बुचांबद्दल बोलला होता. आणि एवढं माहीत असूनही पोरगा म्हणाला होता, एक म्हणजे पुष्कळ झाला.

त्याने टॉवेलची चार टोकं एकत्र घेतली आणि गाठ मारली. घट्ट मारली. मग तोंडावरचा मास्क काढून खिशात ठेवला. त्याचा चेहरा कामेईने इतक्या वर्षांनी परत बघितला.

"नवीन काही आलंय का?" तेत्सुरोने विचारलं.

कामेईने खणातून एक कार्ड काढलं. "शनिवारी आलं. ओकायामाहून. एका पोराने पोस्टर बघून आणून दिलं." तो डोकं खाजवत म्हणाला, "कुठल्या भावाने लावू? पेटीतल्या की पोस्टरवरच्या?"

"पोस्टरवरच्या," तेत्सुरो म्हणाला.

*

घरी आला तेव्हा सलूनचं दार आतून उघडं होतं आणि दिवा लावलेला होता. इबुकी दुसऱ्या खुर्चीत बसला होता, गळ्याभोवती कापड स्वतःच गुंडाळून. तेत्सुरोच्या हातातलं गाठोडं त्याने आरशात पाहिलं आणि मग नखं बघू लागला.

"सोमवारी दुकान बंद असतं," तेत्सुरो म्हणाला.

"चाचणी उद्या आहे. हे असं डोकं घेऊन जाऊ?"

तेत्सुरोने गाठोडं कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि दार लावलं. ते चांगलं वाजलं. मग त्याने हात धुतले, मशीन घेतलं, मानेपासून वर एक पट्टा काढला. केस मांडीवरच्या कापडावर पडत राहिले. खुर्ची थोडी उंच हवी होती. त्याने पायाने दांडा दाबला आणि मुलगा आरशात वर आला.

"चेंडू जरा उशिरा सोडतोस तू," तेत्सुरो म्हणाला.

इबुकीची मान हलली. "काय?"

"फोटोत. हात फार मागे राहतो. मी तीन वर्षं बघतोय."

"फोटोत उभं करतात तसं, बाबा. टाकत नव्हतो मी. नुसता उभा होतो."

"मग ठीक आहे."

मशीन बंद झालं. तेत्सुरोने वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि कानाशी आला. इबुकीने डोळे मिटले.

"कान सांभाळ."

"असू दे," तेत्सुरो म्हणाला. "फोटो समोरून काढतात."

कान नीट झाला. इबुकी डोक्यावरून हात फिरवत उठला आणि टॉवेल घ्यायला कपाटाकडे गेला. त्याचा हात खालच्या कप्प्याच्या मुठीवर गेला.

"वरचा," तेत्सुरो म्हणाला.

"माहीत आहे," इबुकी म्हणाला, आणि त्याने वरचा कप्पा उघडला.

*

पहिला हंगाम संपल्यावर नववर्षाच्या सुट्टीत घरी आला असताना इबुकी टोपी खाली ओढून, मास्क लावून कामेईच्या दुकानात गेला होता, पेटीतली स्वतःची कार्डं विकत घ्यायला. पेटीत एकही नव्हतं.